गुडघ्याच्या व्यायामाची सवय लावणारं अ‍ॅप : 12 आठवड्यांच्या नोंदी

4 जानेवारी

आधी काम काय ते सांगतो. गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपिस्ट घरी करायचे व्यायाम देतात. माणूस आठवडाभर करतो, दुखणं जरा कमी झालं की सोडतो आणि दोन महिन्यांनी तेच दुखणं घेऊन परत येतो. माझी एक मैत्रीण फिजिओ आहे. "करताय ना घरी?" या प्रश्नाला येणारं "हो हो" तिला आता पाठ झालंय. मी प्रोग्रॅमर. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी हे काम करायचं ठरवलंय.

व्यायाम तीनच. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा आणि पाच आकडे धरायचा. पाय सरळ ठेवून वर उचलायचा. टाच अंथरुणावर घासत पाय दुमडायचा आणि सोडायचा. प्रत्येकी दहा वेळा, रोज. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. पावलं मोजणं, वजन, झोप यातलं काहीही घ्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. आतापर्यंत मोडलेलं नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतोय.

ओळखीतली 12 माणसं तयार झाली आहेत. सगळ्यांना मैत्रिणीने स्वतः तपासलंय.

10 जानेवारी

पहिल्या स्क्रीनवर मी मोठ्या अक्षरांत "21 दिवसांत सवय!" असं लिहिलं होतं. मैत्रिणीने विचारलं, "हे कुठून आणलंस?" शोधलं तर 1960 सालापर्यंत पोचलो. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. पुढे लोकांनी त्यातला "किमान" खाल्ला आणि चेहराही.

सवयींवर प्रत्यक्ष मोजमाप केलेलं काम फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचं, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधलं. 96 जण, 84 दिवस. एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागलेला मध्यक काळ 66 दिवसांचा निघाला, पण पसारा 18 पासून 254 दिवसांपर्यंत. 254 हा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला, कारण अभ्यासच 84 दिवसांचा होता. आमच्या कामाची त्यातली गोष्ट वेगळीच आहे: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. हे मी वाचलं, वहीत लिहिलं आणि पुढे बरोबर याच्या उलट अ‍ॅप बनवलं. ते खाली येईलच.

21 दिवसांची पाटी काढली. आमचाही काळ 84 दिवस धरला.

18 जानेवारी, दिवस 1

सुरुवात. अ‍ॅप सुरू करायला 17 प्रश्न होते. वय, उंची, कोणता गुडघा, कधीपासून, जिना किती, बसणं किती. मला वाटलं होतं पाच मिनिटं लागतील. एकेका माणसाला पाऊण तास लागला, कारण मधेच "उंची सेंटिमीटरमध्ये कशी सांगू?" तिसऱ्या दिवशी एक जण गळाले. "तुमचा फॉर्म भरूनच गुडघा दुखला," म्हणाले. मी हसलो, पण ते परत आले नाहीत.

नंतर तपासलं, तर 17 पैकी फक्त तीन उत्तरांचा अ‍ॅप कुठे तरी उपयोग करत होतं. बाकी 14 मी "पुढे लागतील" म्हणून विचारली होती. तीन ठेवले.

27 जानेवारी, दिवस 10

नऊ दिवस वाया गेले. सविस्तर लिहितो, कारण असं काही करणारा प्रत्येक जण इथे अडकणार आहे.

सकाळी आठच्या आठवणीला चार जणांकडून काहीच प्रतिसाद नव्हता. मी समजलो की लोक आळशी आहेत. मजकूर बदलला, आवाज बदलला, चित्र टाकलं. शेवटी एकांच्या घरी जाऊन शेजारी बसलो, तर आठ वाजले, सव्वाआठ वाजले, फोन गप्प. आठवण वाजतच नव्हती.

एकाच लक्षणामागे चार वेगळी कारणं निघाली:

पहिलं, परवानगी. अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशनसाठी वेगळी परवानगी लागते. मी ती अ‍ॅप उघडल्या उघडल्या मागत होतो. अनोळखी चौकट दिसली की सावध माणूस "नाही" दाबतो. दोनदा "नाही" झालं की फोन पुन्हा विचारतही नाही. आता आधी आमच्या स्क्रीनवर एक वाक्य येतं, "रोज एकदा आठवण करू का?", आणि त्यांनी "हो" म्हटल्यावरच खरी चौकट.

दुसरं, डोझ, म्हणजे बॅटरी वाचवायला अँड्रॉइड घेतो ती झोप. फोन हलवला नाही, चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे, की अँड्रॉइड साधे अलार्म पुढे ढकलतो. रात्रभर टेबलावर पडलेला फोन सकाळी उचलला की मग आठवण यायची, कधी नऊला, कधी दहाला. झोपेतही वाजणारा नेमक्या वेळेचा अलार्म वापरला, तर त्याला आणखी एक परवानगी, आणि अँड्रॉइड 14 वर नव्याने टाकलेल्या अ‍ॅपला ती मुळात बंद असते.

तिसरं, फोन बंद करून चालू केला की आधी लावलेले सगळे अलार्म पुसले जातात. चालू झाल्यावर ते पुन्हा लावणं ही अ‍ॅपची जबाबदारी. एक आजोबा रोज रात्री फोन बंद करून झोपतात. त्यांना दहा दिवसांत एकही आठवण गेलेली नव्हती.

चौथं, काही फोनमध्ये कंपनीची स्वतःची बॅटरी-बचत असते आणि ती न वापरलेलं अ‍ॅप मारून टाकते. त्याला कोडमध्ये इलाज सापडला नाही. ज्यांचे असे फोन आहेत त्यांच्याकडे जाऊन सेटिंग हाताने बदललं.

आता प्रत्येक आठवण ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वाजलेली वेळ अशा दोन्ही वेळा नोंदवते. ही नोंद पहिल्या दिवसापासून असती तर नऊ दिवस वाचले असते आणि चार माणसांना मनातल्या मनात आळशी म्हटलं नसतं.

2 फेब्रुवारी, दिवस 16

सलग किती दिवस व्यायाम केला त्याचा आकडा टाकला, ज्वाळेच्या चित्रासकट. लोकांना आवडला. एक काकू रोज आकड्याचा फोटो पाठवतात. 11 पैकी 10 जण रोज टिक करताहेत. मैत्रिणीला म्हटलं, "झालं बघ काम." ती म्हणाली, "अजून कुणी आजारी पडलेलं नाही."

13 फेब्रुवारी, दिवस 27

काकूंना ताप आला. 19 दिवसांचा आकडा शून्यावर गेला. ताप तीन दिवसांत उतरला, पण त्यांनी ताप आल्यापासून आठ दिवस अ‍ॅप उघडलंच नाही. फोन केला. म्हणाल्या, "ते शून्य बघायला कशाला उघडू? पुन्हा एकपासून सुरू करायचं म्हणजे मागचं सगळं वाया गेल्यासारखंच ना."

19 दिवसांत त्यांच्या मांडीच्या स्नायूला जी ताकद आली होती, ती तीन दिवसांच्या तापाने शून्य झाली नव्हती. शून्य फक्त माझ्या स्क्रीनवर होतं. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी हे ओळखून ठेवलंय. एकदा नियम मोडला की माणूस "आता मोडलाच आहे" म्हणून पुरता सोडून देतो. एका घोटाने जेवढं नुकसान होत नाही तेवढं त्या विचाराने होतं. आणि मी तो विचार चित्र काढून दाखवत होतो.

दुसरी बाजू याहून वाईट. नोंदी उलगडल्या तर रात्री 11:50 ते 11:59 या दहा मिनिटांत टिकांचा ढीग. दोघांनी सरळ कबूल केलं: व्यायाम झाला नव्हता, आकडा तुटू नये म्हणून टिक केली. म्हणजे गेल्या दोन आठवड्यांचे माझे सुंदर आकडे सडके आहेत. 2 फेब्रुवारीची नोंद खोडत नाही, तशीच ठेवतो.

त्यातच एक बग. सर्व्हरची तारीख यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालत होती, फोनची स्थानिक वेळेवर. पहाटे व्यायाम करणाऱ्या एका ताईंची टिक आदल्या दिवसावर पडायची. रोज व्यायाम करून त्यांचा आकडा दोनदा तुटला. दुसऱ्या एकाची रात्रपाळी असते, त्याचा व्यायाम साडेबाराला होतो. आता अ‍ॅपचा दिवस पहाटे तीनला बदलतो आणि तारीख फोनचीच धरतो.

21 फेब्रुवारी, दिवस 35

सलग आकडा काढला. त्याच्या जागी "गेल्या 14 दिवसांत 9 दिवस" असं साधं वाक्य. एक दिवस चुकला तर नऊचे आठ होतात, शून्य होत नाही. दोघांनी तक्रार केली. त्यांचे 30 च्या वर गेलेले आकडे मी न विचारता पुसले होते आणि त्यांची चिडचिड रास्त होती. आधी सांगायला हवं होतं. त्यातल्या एकांनी पुढे मार्चमध्ये सोडलं. या रागामुळे की कशामुळे, त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

"आज नाही झाला" असंही एक बटण दिलं. ते दाबलं की त्या दिवसाची आठवण थांबते. खोट्या टिका जवळपास बंद झाल्या, कारण खरं सांगायला जागा मिळाली.

24 फेब्रुवारी

चुकलेल्या दिवसानंतरचा निरोप. या एका वाक्यावर तीन संध्याकाळी गेल्या. आधीचा मजकूर होता, "आपण कालचा व्यायाम पूर्ण केलेला नाही." वीजबिलाची थकबाकी कळवल्यासारखा. मग "अहो, विसरलात का?" हे मला गोड वाटलं होतं. मैत्रिणीने तिच्या आईला वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, "टोमणा मारतोय का हा?" मग "काल विसरलास का?" तर बायकांना "विसरलीस" हवं, म्हणजे लिंग विचारणं आलं, आणि आजोबांना "तू" चालणार नव्हतंच. मराठीत भूतकाळ आला की बऱ्याचदा माणूस कोण ते सांगावं लागतं आणि चूकही त्याच्या नावावर पडते. म्हणून भूतकाळच टाळला. आता निरोप असा जातो: "आज एकच चालेल. पाय सरळ, पाच आकडे."

यात काल काय झालं याचा उल्लेखच नाही. आणि "एकच" खरोखर एकच. एकदा केला तरी टिक होते. मैत्रीण आधी नाखूश होती, एकाने स्नायूला काय होणार? पण चुकल्यानंतर जे परत येतात ते बहुतेक वेळा एकावर थांबत नाहीत, गुंडाळी काढलीच आहे तर दहा करतात.

दोघांकडे इंटरनेट धड चालत नाही, त्यांना एसएमएस जातो. तिथे नवाच खड्डा. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70. आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येक वेगळं मोजलं जातं. "व्यायाम" डोळ्यांना तीन अक्षरांचा, हिशोबात 7. पहिले निरोप दोन-दोन तुकड्यांत जात होते आणि दर तुकड्याला वेगळा पैसा. वर दिलेला निरोप एका तुकड्यात आरामात बसतो.

3 मार्च, दिवस 45

"सकाळी आठ" ही वेळ काढली. आठला कुणी बसमध्ये असतं, कुणी आंघोळीला. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं "अमुक झालं की तमुक करीन" असं आधीच ठरवण्याबद्दलचं काम वापरलं. प्रत्येकाला फोन करून एकच प्रश्न विचारला: कशानंतर?

उत्तरं दोन जातींची आली. "वेळ मिळाला की", "उठल्यावर", "काम आटोपल्यावर" ही बाद, कारण नेमका तो क्षण कधी येतो ते कळत नाही. "दात घासून खोलीत आलो की" किंवा "रात्री फोन चार्जिंगला लावला की" ही चालणारी. तीन जणांना दोन-दोनदा बदलावं लागलं.

यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट माझ्या कोडमध्ये नाही. टॉवेलची गुंडाळी दोन रबरं लावून कायमची बांधून ठेवायची आणि पलंगाच्या पायथ्याशी दिसेल अशी ठेवायची. आधी रोज टॉवेल शोधा, गुंडाळा, नंतर उलगडून वाळत घाला, हे चालायचं. मला ते कळलंच नव्हतं, कारण मी कुणाला व्यायाम करताना पाहिलंच नव्हतं. 45 दिवसांत एकदाही.

19 मार्च, दिवस 61

नसता उद्योग. खोट्या टिकांचा राग मनात होता, म्हणून फोनच्या हालचाल-सेन्सरवरून व्यायाम आपोआप ओळखायचं ठरवलं. फोन मोज्यात घालून पायाला बांधायचा. सरळ पाय उचलणं छान ओळखू आलं. टाच घासणं कसंबसं. पहिला व्यायाम, गुडघा दाबून धरणं, काही केल्या ओळखेना. 60 तास घालवले, फिल्टर बदलले, माझ्याच पायाचे शेकडो नमुने घेतले. मैत्रिणीला आलेख दाखवला. ती म्हणाली, "अरे, त्यात पाय हलतच नाही. स्नायू आवळतो, सांधा तिथेच. तोच तर व्यायाम आहे."

हलत नाही ते हालचाल मोजणाऱ्या यंत्राला कसं दिसणार? पहिल्या दिवशी विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. सगळं काढून टाकलं. मोजे धुवायला टाकले.

23 मार्च, दिवस 65

या कामातली सगळ्यात गंभीर चूक. एका बाईंचा गुडघा सुजला होता. चार दिवस त्या दुखणं सोसून व्यायाम करत राहिल्या, कारण अ‍ॅप रोज आठवण करत होतं. आमच्याकडे "आज नाही झाला" होतं, "दुखणं वाढलंय" नव्हतं. मैत्रिणीने तपासून व्यायाम थांबवले आणि डॉक्टरांकडे पाठवलं. त्या प्रकल्पातून बाहेर पडल्या.

त्याच रात्री बटण टाकलं. ते दाबलं की सगळ्या आठवणी थांबतात, "व्यायाम थांबवा, फोन करा" एवढंच दिसतं आणि मैत्रिणीला लगेच निरोप जातो. तिने हिरवा कंदील दिल्याशिवाय आठवणी पुन्हा सुरू होत नाहीत. लिहायला दोन तास लागले. हे बटण अ‍ॅपमध्ये सगळ्यात आधी यायला हवं होतं, ज्वाळेच्या चित्राच्या कितीतरी आधी.

रोज "दुखणं 0 ते 10 मध्ये किती?" हा प्रश्नही काढला. एक जण म्हणाले, "सकाळी आठवणही नसते, तुम्ही विचारलं की दुखायला लागतं." आता आठवड्यातून एकदा, "जिना उतरताना कसं वाटतं?"

1 एप्रिल, दिवस 74

आठवणींची धार जाते. आठवण वाजल्यावर तासाभरात टिक येण्याचं प्रमाण पहिल्या महिन्यापेक्षा बरंच खाली आलंय. अमेरिकेतल्या हार्टस्टेप्स या चालण्याच्या सूचना देणाऱ्या प्रयोगातही सूचनांचा परिणाम दिवसागणिक ओसरला होता, तेव्हा हे आमच्यापुरतं नसावं. उलट जास्त आठवणी पाठवायचा मोह झाला. एक दिवस दोन पाठवल्याही. संध्याकाळी तिघांनी नोटिफिकेशन बंद केलं.

आता नियम असा: आठवणीच्या आधीच टिक झाली तर त्या दिवशी आठवण नाही. सलग दोन आठवडे, सातपैकी पाच दिवस आठवणीशिवाय झाले, तर आठवण दिवसाआड. मग आठवड्यातून एकदा.

हे सुरू केल्यावर टिका घटल्या आणि मी घाबरलो. फोन केले. दोघं म्हणाले, "करतो की रोज, पण आता टिक करायचं लक्षात राहत नाही." सवय लागली असेल तर असंच व्हायला हवं. पण माझ्या तक्त्यात ते सोडून दिलेल्या माणसासारखंच दिसतं. यावर अजून चांगला इलाज नाही. सध्या रविवारी एकच प्रश्न जातो, "या आठवड्यात किती दिवस?", 0 ते 7 पैकी एक आकडा दाबायचा.

12 एप्रिल, दिवस 84 संपला काल

हिशोब. 12 पैकी एक फॉर्ममुळे गेले, एक सुजेमुळे, दोघांनी मार्चमध्ये सोडलं. उरले आठ. शेवटच्या आठवड्यात पाच जण पाच किंवा जास्त दिवस, दोघं दोन-तीन दिवस, एक जण माहीत नाही. सगळे ओळखीतले आणि मी अधूनमधून फोन करणारा, त्यामुळे यातलं किती श्रेय अ‍ॅपचं ते वेगळं काढता येत नाही.

वेळ: माझे साधारण 310 तास. त्यात 60 सेन्सरचे, 45 न वाजणाऱ्या आठवणींचे, 30 ज्वाळेचे आणि ती काढण्याचे. माणसांशी फोनवर आणि घरी जाऊन बोलण्यात 25. पुढच्या तुकडीत हे शेवटचे दोन आकडे अदलाबदल झाले तर बरं. मैत्रिणीचे तास मोजलेच नाहीत, हेही चुकलं.

26 एप्रिल

माहीत नसलेल्या त्या म्हणजे तापवाल्या काकू. 9 एप्रिलला त्यांनी फोन बदलला आणि अ‍ॅप नव्या फोनवर आलंच नाही. मी फोन करून विचारलं, टाकून देऊ का? म्हणाल्या, "राहू दे रे, त्या फोनमध्ये आधीच फार गर्दी झालीय." व्यायामाचं विचारलं तर म्हणाल्या, "हो हो."

तक्त्यात त्यांच्या ओळीत "माहिती नाही" ठेवलंय. मंगळवारी मैत्रीण त्यांच्या घरी जाणार आहे, तेव्हा मांडीचा घेर मोजून आणेल.